मधलं फूल

न्हाणीच्या जाळीत, उशीवर, चहाच्या कपात, सगळीकडे ठकीचे केस सापडत. एकदा तर ताईने नुकत्याच जोडलेल्या दोनशे वर्षं जुन्या तपकिरीच्या डबीत, झाकणाच्या सांध्यातच एक लांबलचक केस चिकटून बसला. ताईने तो चिमट्यात धरून ठकीच्या नाकापुढे नाचवला आणि पुढच्या शतकात कुणी कारागीर ही डबी उघडेल तेव्हा तुझ्या नावाने खडे फोडेल, असं बजावलं. त्यावर ठकी म्हणाली, बरंच आहे की, तेवढीच आठवण काढेल कुणीतरी.

ठकी ही ताईची धाकटी बहीण. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीएवढीच होती म्हणून आईने लाडाने ठकी म्हटलं, आणि छत्तिसावं सरलं तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायचं काम करी. ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ठकी शाळेत होती. वेणीफणीपासून तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. ताईला मूलबाळ नव्हतं आणि त्याचं तिला फारसं वाटतही नसे, कारण ठकी होती. हे ती कधी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवायची ते एवढंच की केस बांध, घरभर गळतात.

ताई जुन्या वस्तू दुरुस्त करी. घराची पुढची खोली हीच तिची कामाची खोली. उत्तरेला मोठी खिडकी, तिला लागून लांब टेबल, त्यावर हवा तसा वळणारा दिवा आणि पायावर उभं केलेलं मोठं भिंग. खुर्च्या-कपाटं जोडणारे पुष्कळ असतात. ताईकडे यायच्या त्या मोडक्या काड्यांचे रेशमी पंखे, मण्यांच्या पिशव्या, हस्तिदंती फण्या, मेणाची फळं, म्हणजे ज्यांना हात लावायलाही इतर लोक कचरत अशा वस्तू. तासन्‌तास मान खाली घालून बसायची तिला मुळीच तक्रार नव्हती.

हे काम ती एका संग्रहालयातल्या मास्तरांकडे शिकली होती. मास्तर कडक. त्यांचं म्हणणं असं की दुरुस्ती डोळ्यांत खुपू नये, पण शोधणाऱ्याला सापडली पाहिजे. म्हणून प्रत्येक दुरुस्तीत मागच्या अंगाला, एरवी कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी, लाल रेशमाचा एक धागा गुंतवून ठेवायचा. उद्या कुणाला आपलं काम उलगडावं लागलं, तर जुनं कुठलं आणि आपलं कुठलं हे त्याला कळायला हवं. ताईने हा नियम पंधरा वर्षं पाळला. पुढे मास्तर गेले आणि ताईचा हात असा काही बसला की तिची दुरुस्ती तिला स्वतःलाच सापडेना. याचा तिला अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच म्हणायचा. लाल धागा नेमका कधीपासून राहून जाऊ लागला, हे तिला सांगता आलं नसतं.

ती चौकट पारखी घेऊन आला. पारखी म्हणजे जुन्या वस्तूंचा व्यापारी. बाजारात सगळे त्याला याच नावाने ओळखत. साठीचा, बोलघेवडा माणूस. वस्तू दाखवायच्या आधी अर्धा तास तिचे गोडवे गायचे, ही त्याची पद्धत. त्या दिवशी मात्र त्याने चौकट टेबलावर ठेवली, वरचं कापड काढलं आणि खुर्ची जरा मागे ओढून बसला.

खोल लाकडी चौकट, पुढे काच, आत पिवळं पडलेलं रेशीम. रेशमावर घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला एक हार होता, तोंड वरच्या बाजूला. हारात लहानमोठी सदतीस फुलं, मध्ये मध्ये पानं आणि कळ्या. दुरून बघणाऱ्याला ती वाळलेली फुलं वाटली असती. ताईने भिंग ओढलं तेव्हा तिला दिसलं की ते सगळे माणसांचे केस आहेत. काळे, पिंगट, पांढरे, एका अगदी बारक्या कळीत तर जावळासारखे मऊ.

दीडेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या घराण्यातल्या बायकांनी हे केलं होतं, असं पारखीने सांगितलं. घरातलं माणूस गेलं की त्याच्या केसांचं फूल करायचं आणि नालेच्या मधोमध मोकळ्या जागेत बसवायचं. पुढचं माणूस गेलं की मधलं फूल उचलून हारात सरकवायचं, आणि मध्ये नवं ठेवायचं.

"म्हणजे मधलं फूल कायम शेवटच्या माणसाचं," पारखी म्हणाला.

त्या मधल्या फुलालाच कसर लागली होती. तारांचा सांगाडा उरला होता आणि त्याला चिकटलेले सात-आठ केस. चौकट परदेशातल्या एका संग्राहकाला हवी होती, आणि अख्खी हवी होती. फूल काढून टाकावं तर मध्ये भोक दिसतं, असं पारखीचं म्हणणं. ते भरून द्यायचं, आणि भरलंय हे कुणाला कळता कामा नये. ताई म्हणाली, माझं कुणाला कळलंय आजवर. दोन-अडीच महिन्यांत येतो म्हणून पारखी मालाच्या शोधात बाहेरगावी निघून गेला. जाताना त्याने चौकटीकडे वळून पाहिलं नाही, हे ताईच्या लक्षात आलं, पण माणूस घाईत होता.

ताईने रीतीप्रमाणे आधी सगळं लिहून काढलं. फुलं मोजली, रंग टिपले, फोटो घेतले. काम तसं अवघड नव्हतं. विणायच्या सुईवर केसांचे वेढे घ्यायचे, बारीक तारेने ते आवळायचे, सुई ओढून काढली की वेढ्यांची माळ राहते. ती वाकवली की पाकळी. अवघड होता तो रंग. उरलेले सात-आठ केस काळे म्हणावे तर काळे नव्हते आणि उजेडात धरले की तांबूस दिसत. टोप बनवणाऱ्याकडून आणलेली केसांची बारा पुडकी ताईच्या खणात होती. बाराही जुळेनात. रंगवून पाहिले तर केस मेल्यासारखे दिसू लागले. चार दिवस गेले आणि ताईची चिडचिड वाढली.

पाचव्या दिवशी सकाळी ठकी खिडकीशी उभी राहून घाईघाईने केस विंचरत होती. ती कामावर गेल्यावर ताईला ब्रश टेबलावरच पडलेला दिसला. ती वैतागून तो उचलायला गेली आणि थांबली. ब्रशातला एक केस तिने चिमट्याने काढला, चौकटीतल्या केसाशेजारी भिंगाखाली धरला. मग चिमटा बाजूला ठेवून तिने डोळे मिटले, उघडले, आणि यातला कुठला कुठला हे तिला सांगता येईना. ताईला अतोनात आनंद झाला. तो कारागिराचा आनंद होता, त्यात बहीण कुठेच नव्हती.

आठवडाभर ती ब्रश, उशी आणि न्हाणीची जाळी धुंडाळून केस जमवत राहिली. ठकीला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ठकीने आधी नाक मुरडलं असतं आणि मग वर्षभर थट्टा केली असती. केस धुतले, वाळवले, सुईवर घेतले. फूल मध्ये बसवलं तेव्हा ते दीडशे वर्षं तिथेच असल्यासारखं दिसलं. मागे लाल धागा ठेवला नव्हता. खळ वाळायला हवी म्हणून ताईने काच लावली नाही, चौकटीवर नुसतं कापड टाकलं.

पहिल्यांदा शंका आली ती न्हाणीच्या जाळीमुळे. दर रविवारी ती साफ करणं ताईच्याच नशिबी होतं. त्या रविवारी तिथे काही नव्हतं. उशी स्वच्छ, ब्रश स्वच्छ. ताईने विचारलं, कुठलं तेल लावतेस गं हल्ली? ठकी म्हणाली, तुझी बोलणी खाऊन खाऊन घाबरलेत ते, जागचे हलत नाहीत. दोघी हसल्या. ताईने मग ब्रश उजेडात धरून पाहिला. दुकानातून आत्ता आणावा तसा कोरा होता.

आणखी आठवड्याने ठकीनेच सांगितलं की तिची नखं वाढत नाहीत. घासायच्या यंत्रावर बसायचं तर नखं बारीक ठेवावी लागतात, तिला ती दर चार दिवसांनी कापावी लागायची. पंधरा दिवस नेलकटरला हात लावला नव्हता. त्यानंतर भूक गेली. मंदावली असं नाही, उरलीच नाही. समोर ठेवलं तर खाई, न ठेवलं तर मागत नसे, आणि वजन मात्र काट्यावर तसूभर हलत नव्हतं. चालता-बोलता ती मध्येच थांबू लागली. हातात पेला धरून दहा-दहा मिनिटं उभी राही. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे, कुठे काय, आत्ताच तर आले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढायला सुई टोचली. दोनदा टोचावी लागली. रिपोर्टात काही निघालं नाही. नाडी तेवढी मंद होती, मिनिटाला अठ्ठेचाळीस. आठवड्याने एकेचाळीस झाली. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, तिथल्यांनी पुढची तारीख दिली. ताईचं कामात लक्ष लागेना. आईच्या वेळी असंच झालं होतं, तारखा मिळत गेल्या होत्या आणि आई गेली होती. ताई रोज सकाळी ठकी उठायच्या आधी तिच्या नाकापुढे हात धरून बघू लागली.

पाचव्या आठवड्यात दुकानात काच निसटली आणि ठकीच्या अंगठ्याखाली चांगलंच कापलं. तिथल्यांनी पट्टी बांधून तिला भर दुपारी घरी पाठवलं. ताईने तिला टेबलापाशी बसवून पट्टी सोडली. पट्टी पांढरीशुभ्र होती, एक थेंबही लागला नव्हता. तिने ठकीचा हात मोठ्या भिंगाखाली धरला. काप सरळ होता आणि खोल होता. आत ओल नव्हती. कडा कोरड्या होत्या, किंचित पिवळट. असे काप ताईने शेकड्यांनी पाहिले होते, मेणावर, हस्तिदंतावर, जुन्या चामड्यावर. माणसाच्या हातावर कधी पाहिला नव्हता.

"दुखतंय?"

ठकीने बोटाने कापाची कड दाबून पाहिली. "नाही गं. काहीच होत नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चौकट होती. ताईने उठून तिच्यावरचं कापड काढलं.

मधलं फूल विटलं होतं. ताई असल्या गोष्टी मानणारी नव्हती. मेलेल्यांच्या वस्तू तिच्या हाताखालून रोज जात आणि त्यांतल्या एकीनेही तिला आजवर त्रास दिला नव्हता. तिने ठकीला आत नेऊन निजवलं, परत आली, आणि एखाद्या कामाला बसावं तशी बसली. फूल सोडवून भिंगाखाली घेतलं. केस ठिसूळ होते, राखाडी पडलेले, हात लावताच तुटत होते. महिन्यापूर्वी तिने रिळावरून नवी कोरी तार कापून घेतली होती. ती हिरवट-काळी पडली होती. वेढ्यांच्या आत कधीकाळची धूळ बसली होती. हे फूल तिने केलेलं नव्हतं.

तिने दिवा हारावर वळवला. सदतीस फुलांचे रंग तिने स्वतः टिपून ठेवले होते. आता पांढऱ्या फुलात दोन केस तांबूस दिसत होते. काळ्यात तीन. जावळाच्या कळीतही एक. ठकीचे केस मधून निघून सगळ्या हारात पसरले होते. ताईने चिमटा घेतला आणि एक केस हलकेच ओढला. बाहेर आला तेव्हा तो जुना होता, कोरडा. दुसरा ओढला, तोही तसाच. दुपार कलेपर्यंत ती एकेक केस ओढून भिंगाखाली धरत राहिली, आणि जुना कुठला आणि आपला कुठला हे तिला कळेना. तेव्हा तिला मास्तर आठवले. पन्नाशीला आलेली ती बाई टेबलावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली.

उलगडून काही निघणार नव्हतं. मग राहिली ती एकच गोष्ट, त्या घराण्यातल्या बायका करत होत्या तीच. मधलं फूल हारात सरकवायचं आणि मध्ये दुसरं ठेवायचं. सरकलेल्यांची सुटका होत असेल, असं म्हणायला ताईपाशी काही आधार नव्हता. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

आईचं गंगावन कपाटात होतं, आईच्याच केसांचं. ताईने त्यातली बट सोडवून फूल केलं. आईचीच लेक आहे, आई सांभाळेल, असं मनाशी म्हणत तिने ते मध्ये बसवलं. सकाळी पाहिलं तर वेढे आपोआप सुटले होते आणि आईचे केस चौकटीच्या तळाशी पडले होते. तार रिकामी होती. मेलेल्या माणसाचे केस आता तिथे ठरत नव्हते.

त्या सकाळी ठकीची नाडी चौतीस होती. ती उशीला टेकून बसली होती आणि हाक मारल्यावर बऱ्याच वेळाने तिने मान वळवली.

ताईने खण उघडला. टोपवाल्याची बारा पुडकी.

ते कुणाचे केस होते हे ताईला ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी बायकांचे, मुलींचे. कुठे तरी असतील, काम करत असतील, केस पुन्हा वाढतही असतील. त्यांना कळणार नव्हतं. डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. ताईने एक पुडकं सोडलं. काळेभोर, जाड केस होते, खाली अजून पिवळी रिबीन बांधलेली. कुणीतरी ती रिबीन आवडीने बांधली होती.

ताईने पुडकं बांधून खण लावला. मग कात्री घेतली आणि मानेपाशी धरून स्वतःचा अंबाडा कापला.

तिचे केस पांढरे झाले होते, फार तर थोडे काळे मध्ये मध्ये. फूल चांगलं झालं. विटलेलं फूल तिने हारात सरकवलं, अडतिसावं, आणि आपलं मध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना तिला मागून आवाज आला.

"ताई, काही खायला आहे का? भयंकर भूक लागलीय."

ठकी दारात उभी होती. हाताची पट्टी लालभडक झाली होती, आणि आता ठणकतंय म्हणून ती कुरकुरत होती. ताईने तिला जवळ घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की ठकी म्हणाली, अगं, श्वास घेऊ दे. मग तिला ताईची बोडकी मान दिसली. ताईने सांगितलं की उकडत होतं. ठकीने खांद्यावरचा एक गळलेला केस झटकला, आणि ताईला तो जमिनीवर पडताना बघून बरं वाटलं.

ठकीला फसवणं सोपं नव्हतं. दोनच दिवसांत तिने कापड उचलून चौकट पाहिली आणि विचारलं की मध्ये तुझे केस काय करतायत. ताईने आधी थापा मारल्या, मग सगळं सांगितलं. ठकीने सगळं ऐकून घेतलं. तिने त्या दिवशी दुकानात रजा टाकली, दुसऱ्या दिवशीही टाकली. एवढी बडबडी पोरगी गप्प कशी बसली, हे ताईला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण ताईला आता फारसं काही खटकत नव्हतं.

ठकीला पाच आठवडे लागले होते. ताईला नऊ दिवस लागले. त्यात त्रास असा नव्हता. भूक गेली, थकवा गेला, रस्त्यावरचे आवाज लांब गेले. खिडकीपाशी बसलं की ऊन टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाई, आणि ते कधी गेलं हे कळत नसे. भीती थोडी होती, ती ठकी एकटी पडेल याची. हाताने काम होत असतानाच तिने पारखीला निरोप पाठवला की चौकट तयार आहे, येऊन घेऊन जा, उशीर करू नका. चौकट घरातून गेली की तिच्यातलं मधलं फूल पुन्हा कुणी बदलू शकणार नव्हतं.

त्या दिवसांत ठकी तिच्याशेजारी येऊन बसे. कधी नव्हे ते तिने ताईच्या कामात लक्ष घातलं. सुईवर वेढे कसे घेतात, तार किती आवळायची, सुई ओढताना माळ सुटत कशी नाही, असं सगळं ती विचारी. ताई हळूहळू, एकेक शब्द जुळवत तिला सांगे. दोन-तीनदा ताईने तिचे हात धरून करूनही दाखवलं. आपल्यामागे हात चालू राहील, असं वाटून ताईला समाधान झालं.

पारखी आला तेव्हा ताई आतल्या खोलीत पलंगावर होती. उठणं होत नव्हतं. पुढच्या खोलीतलं बोलणं तिला भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू आलं. पारखी म्हणाला, वा, मध्ये कधी कसर लागली होती हे सांगताच येत नाही. ठकी काहीतरी म्हणाली. मग जिन्यावर पावलं, खाली गाडीच्या पाठीमागे पेटीला खिळे ठोकल्याचे आवाज, आणि गाडी निघाली.

गेली एकदाची, ताईच्या मनात आलं. ठकी सुटली.

गाडीचा आवाज तिला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. वळून पुढच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू आला. इतक्या लांबचं तिला आठ दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

मग समोरच्या घरातलं रेडिओचं गाणं. नळाचं पाणी. स्वयंपाकघरात डाव आपटल्याचा आवाज.

ताईची छाती धडधडू लागली. तिने हात डोळ्यांसमोर धरला. नखांच्या कडेला पांढरी रेघ वाढली होती.

"ठके," तिने हाक मारली. आवाज मोठा निघाला. "ठके, काय केलंस तू?"

ठकी ताट घेऊन आली. डोक्याला घट्ट रुमाल गुंडाळला होता आणि त्याखालून मानेवर एकही बट दिसत नव्हती. गरम भाताचा वास खोलीभर पसरला आणि ताईच्या पोटात कळ उठली.

"पेटी कुठे पाठवतायत?" ताई उठून बसत म्हणाली. "फोन कर त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"मी पत्ता विचारला नाही," ठकी म्हणाली. शब्द सावकाश येत होते. "तूही विचारू नकोस. जेव आधी."

"आणि तू?"

"मला नको."

ताईला उठून धावत जायचं होतं. तिला ठकीला धरून गदागदा हलवायचं होतं. पण ताट मांडीवर होतं, हात आपणहून त्याच्याकडे गेला, आणि पहिला घास तोंडात गेल्यावर तिला थांबता येईना. ती रडत होती आणि खात होती. ठकी समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे मायेने बघत होती, आणि ताट रिकामं होईपर्यंत तिची पापणी एकदाही लवली नाही.